वाघवाल्या काकूंच्या टांगत्या फळ्या

वाघवाल्या काकूंना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. शाळेतून फोन येतो तोच मुळी "वाघवाल्या काकू का?" असा. काकू विचारतात, मोठा वाघ हवाय की बच्चा? आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न: आत जो मुलगा शिरणार आहे त्याला घाम फार येतो का? कारण वाघ धुवायचा म्हणजे दोन माणसं लागतात आणि वाळायला तो आठवडा खातो. हे सगळे अनुभवाचे बोल.

धंदा साधा आहे. शाळांच्या आणि हौशी मंडळींच्या नाटकांना लागणारे कपडे काकू शिवतात आणि भाड्याने देतात. नवरा शिंपी होता. तो होता तोवर काकूंच्या वाट्याला काजं, बटणं आणि हातशिलाई. तो गेला, तेव्हा चार नातेवाइकांनी बसून ठरवून टाकलं की आता दुकान बंद आणि काकूंनी मुलाकडे जाऊन आराम करायचा. दुकान बंद झालं. आराम मात्र काही जमला नाही. काकूंनी मशीन घरात आणून ठेवलं, आणि एका शाळेच्या बाईंनी सहज विचारलं म्हणून जुन्या पिवळ्या ब्लँकेटचा वाघ शिवला. तो वाघ असा काही चालला की त्याच्यामागून राजा आला, प्रधान आला, शिपायांची पलटण आली, झाडं, ढग, कावळे आणि एक जिराफसुद्धा आला. जिराफाची मान दोघांना धरावी लागते, पण मागणी त्यालाही आहे.

एवढी सगळी प्रजा राहते कुठे? तर काकूंच्या तळमजल्यावरच्या घराखाली जे तळघर आहे तिथे. स्वयंपाकघराच्या बाजूने अरुंद जिना खाली उतरतो. खाली एक लांबट खोली, भिंतींना ओल, गिलाव्याचे पोपडे, एका टोकाला रस्त्याच्या पातळीवर उघडणारी खिडकी. तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं दिसतात. काकू नुसत्या चपलांवरून सांगतात, कोण आलं आणि कोण दारावरून न थांबता पुढे गेलं. पत्र्याच्या पेट्या जमिनीवर रांगेने मांडलेल्या आणि त्यांच्यावर दुसरी रांग. मापं द्यायला आलेली शाळेची मुलं खाली यायला घाबरतात, आणि एकदा आली की वर जायचं नाव काढत नाहीत.

घरात काकूंबरोबर त्यांच्या नणंदबाई राहतात. काकू त्यांना वन्सं म्हणतात. वन्सं वयाने मोठ्या, एकट्या, आणि जिभेला हाड नाही म्हणतात तशा. कित्येक वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आल्या त्या आल्याच. दोघी सकाळी चहावरून भांडतात, दुपारी पंख्यावरून. पण वाघ धुवायला जी दोन माणसं लागतात ती हीच.

तर झालं असं की मागच्या वर्षी रस्त्यावरचं गटार तुंबलं आणि तळघराच्या जमिनीत जी जाळी आहे तिच्यातून पाणी उलटं वर आलं. काकू एकट्याच खाली गेल्या. दिवे गेलेले. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. वन्संनी त्याला फोन केला. तो धावत आला तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती, डोक्यावर जिराफाची मान. वरच्या रांगेतल्या पेट्या वाचल्या. खालच्या भिजल्या. कावळे गेले, शिपायांचे कोट बुरसले, आणि समुद्र म्हणून जे निळं लांबच लांब कापड होतं ते चिखलात लडबडून कामातून गेलं. समुद्र बुडाला, असं वन्सं अजून येईल त्याला सांगतात. काकूंना त्या विनोदावर हसू येत नाही.

मुलाने त्या दिवशीच मनाशी काहीतरी ठरवलं असावं. वर्षभर त्याने विषय काढला नाही, आणि एका संध्याकाळी येऊन चहा पिता पिता सांगून टाकलं की एक टायरवाला आहे, त्याला गोदामाला जागा हवी आहे, टायरना ओलीचं काही सोयरसुतक नसतं, आणि येत्या रविवारी तो खोली बघायला येतोय. कपड्यांचं गिऱ्हाईकही त्याने शोधून ठेवलं होतं. सगळं एकदम उचलतो म्हणाला होता.

इथे एक सांगायला हवं. मुलगा वाईट नाही. तीच तर अडचण आहे. वाईट मुलाशी कडाकडा भांडून मोकळं होता येतं. हा औषधं आणून देतो, बिलं भरतो, आईचा चष्मा पुसून देतो, आणि मग आईचं आयुष्य आवरायला घेतो. अशा माणसाला नाही म्हणायचं म्हणजे आपणच वाईट ठरतो. पण काकूंना त्या दिवशी वाईट ठरायला हरकत नव्हती.

"माल कुठे जाणार नाही," त्या म्हणाल्या. "माल वर जाईल."

वर म्हणजे कुठे, त्याने विचारलं. वर म्हणजे वर, काकू म्हणाल्या. जमिनीला लागायचंच नाही, फळ्या लावायच्या. मुलगा हसला. त्याने खाली जाऊन भिंतीवर बोटाने नुसतं टकटक केलं, तर ओंजळभर गिलावा खाली आला. ह्या भिंतीत कॅलेंडरचा खिळा टिकत नाही, तो म्हणाला, आणि तू फळ्या लावणार. एवढं बोलून, रविवारची आठवण करून देऊन तो गेला.

त्याचं खरं होतं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. काकूंनी त्याच संध्याकाळी भिंतीत चार ठिकाणी खिळे ठोकून पाहिले. चारही खिळे हाताने उपटून निघाले. जमीन पाण्याची, भिंती भुसभुशीत. राहिलं काय? काकू स्टुलावर बसून मान वर करून बघत राहिल्या. छताला दोन जाड लोखंडी गर्डर होते, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांच्यावर दगडी लाद्या. सगळं घर ह्या दोन गर्डरांवर उभं होतं. आपल्या पेट्यांनी त्यांच्यात काय मोठी भर पडणार होती?

"वन्सं," त्यांनी वर हाक मारली, "फळ्या छताला टांगायच्या."

"मला टांगू नकोस म्हणजे झालं," वरून उत्तर आलं.

आता फळ्या छताला टांगायच्या तर गर्डरला धरणारं काहीतरी हवं, आणि ते काय असतं, कुठे मिळतं, त्याला म्हणतात काय, ह्याचा काकूंना पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन त्या हार्डवेअरच्या दुकानांच्या रस्त्याला लागल्या. वस्तूचं नाव माहीत नसलेल्या माणसाची दुकानात काय गत होते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. पहिल्या दुकानात त्यांनी दोन हातांनी हवेत गर्डर काढून दाखवला, मग त्याच्याखाली लोंबणारी सळई दाखवली, मग फळी. दुकानदाराने नीट बघितलं आणि कुंड्या टांगायची साखळी काढून दिली. दुसऱ्याने पडद्याच्या दांड्याचे ब्रॅकेट दाखवले, रंग कोणता हवा तेही विचारलं. तिसऱ्याने मोठा जाड अँकर बोल्ट काढला. छताला ड्रिल मारा, हा आत ठोका, हत्ती टांगा, असं त्याचं म्हणणं. काकूंनी वरच्या दगडी लाद्या आठवल्या. त्यांच्यात ड्रिल घातलं असतं तर फळ्या वर जायच्या आधी स्वयंपाकघर खाली आलं असतं, वन्संसकट.

चौथ्या दुकानात तर कमालच झाली. काउंटरवरच्या माणसाने काकूंचं बोलणं अर्धवट ऐकलं, मागच्या गिऱ्हाइकाचे नट मोजायला घेतले आणि मान वर न करता म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं ते. साहेबांना पाठवा."

"साहेब वर गेलेत," काकू म्हणाल्या. "बोलवू का खाली?"

त्या माणसाचे नट मोजायचे चुकले. काकू ताठ मानेने बाहेर पडल्या, पण कोपऱ्यावर येईपर्यंत भराभर चालत राहिल्या. रागाने, आणि थोडं रडूही येत होतं म्हणून. घरी येऊन त्यांनी पिशवी आपटली. वन्संनी विचारलं, मिळालं का? काकू म्हणाल्या, मिळाली ना, अक्कल मिळाली. वन्संनी त्यावर काही टाकायला तोंड उघडलं होतं, पण काकूंचा चेहरा बघून मिटलं. वन्संच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

त्याच आठवड्यात एका शाळेच्या नाटकाची रंगीत तालीम होती, जुन्या नाट्यगृहात. काकूंना राजाचा अंगरखा आत घ्यायला बोलावलं होतं, कारण राजा मध्यंतरी तापाने उतरला होता. काकू रंगमंचाच्या कडेला जमिनीवर बसून टाके घालत होत्या. राजा पेंगत उभा होता. सुई ओवायला म्हणून काकूंनी दोरा उजेडाकडे धरला, नजर वर गेली, आणि तिथेच राहिली.

वर दिवे होते. मोठाले काळे दिवे, एकेक दिवा जड पेटीएवढा, आणि त्यांचे आडवे पाइप छताच्या गर्डरांना लटकलेले. इतकी वर्षं काकू त्यांच्याखाली बसून बटणं लावत आल्या होत्या आणि एकदाही मनात आलं नव्हतं की हे वर राहतात तरी कशाने. गर्डरच्या खालच्या कडेला लोखंडी जबडे चावून बसले होते. प्रत्येक जबड्यातून एक सळई खाली आलेली. छताला भोक नाही, खिळा नाही, काही नाही.

राजाला तसाच अर्ध्या टाक्यांत सोडून काकू उठल्या आणि दिवेवाल्याला गाठलं. तो शिडीवर होता. काकूंनी खालूनच विचारलं, ते वर चावून बसलंय त्याला म्हणतात काय? त्याला आधी वाटलं पाल वगैरे आहे. मग कळल्यावर तो खाली उतरला आणि त्याने समजावून सांगितलं. त्याला बीम क्लॅम्प म्हणतात. गर्डरच्या कडेला, म्हणजे ओठाला, तो जबडा घालायचा, बोल्ट आवळायचा, खाली आट्यांची सळई सोडायची. साध्या दुकानात मिळायचा नाही. बाजाराच्या मागे पाइपवाल्यांची ओळ आहे तिथे विचारा. आणि जाताना ओठाचं माप न्या, कारण ओठ जेवढा जाड तेवढ्या मापाचाच क्लॅम्प लागतो.

माप. हा शब्द ऐकला आणि काकूंच्या जिवात जीव आला. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? घरी आल्या, बाह्या वर केल्या, जाड पुठ्ठा घेतला आणि खाली उतरल्या. वन्संनी विजेरी धरली. काकूंनी गर्डरचा ओठ गळ्याचं माप घ्यावं तसा घेतला: टेप लावला, खडूने खूण केली, पुठ्ठ्यावर आखलं, कात्रीने कापलं. अर्ध्या तासात गर्डरच्या कडेचा नमुना तयार. वन्संनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हा झगा कुणाला शिवतेस म्हणून विचारलं.

पाइपवाल्यांच्या ओळीतलं दुकान म्हणजे एक अंधारा बोळ होता, दोन्ही बाजूंना लोखंड रचलेलं. मालक म्हातारा, तेलाने काळे झालेले हात. काकूंनी पिशवीतून पुठ्ठा काढून समोर ठेवला आणि सांगितलं की ह्याला बसेल असा बीम क्लॅम्प द्या. त्याने पुठ्ठा उचलला, ही कसली कॉलर म्हणून विचारलं. गर्डरची, काकू म्हणाल्या. म्हातारा खो खो हसला, पण साहेबांना पाठवा असं काही म्हणाला नाही. त्याने डबे उपसले आणि एकेका क्लॅम्पच्या जबड्यात पुठ्ठा घालून बघू लागला. हा घट्ट, हा घट्ट, हा बसला. मग त्याने सळया तोडून दिल्या, नट, वायसर, आडवे लोखंडी अँगल दिले आणि एक पानाही दिला, वापरून परत आणा म्हणाला. सामान हातगाडीवर घालून काकू घरी आल्या तेव्हा गल्लीतली माणसं बघत होती. बघू देत. काकूंना त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं, आणि ते वाटणं त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

शनिवारी सकाळी त्या स्टुलावर चढल्या. पहिला क्लॅम्प गर्डरच्या ओठाला लावला, बोल्ट आवळला. बोल्ट संपला. क्लॅम्प मात्र हलत होता. त्यांनी दुसरा लावला. तोही हलत होता. तिसरा तर नुसता हात लावल्यावर सरकून खाली आला आणि वन्संच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळला. वन्संनी उडी मारली. त्यांच्या वयाला न शोभणारी होती.

काकूंना कळेना. माप तर आपल्या हाताने घेतलेलं. त्यांनी पुठ्ठा आणला, गर्डरच्या ओठाला लावला आणि चूक दिसली. पुठ्ठा ओठापेक्षा सगळ्या बाजूंनी बोटाच्या जाडीएवढा मोठा होता. त्यांनी दाब सोडला होता. शिलाईत जाणाऱ्या कापडासाठी प्रत्येक शिंपी कडेने जेवढी जागा सोडतो तेवढी त्यांनी लोखंडालाही सोडली होती. डोकं गर्डर मापत होतं आणि हात मात्र सवयीने कापत गेले होते.

"अगं, गर्डरला काय शिलाई मारणार होतीस?" वन्सं म्हणाल्या.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. उगाच लपवायचं कशाला? चार दुकानं पायाखाली घातली, लोकांचं ऐकून घेतलं, आणि चूक झाली ती कुठे, तर ज्या एका गोष्टीत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं तिथे. उद्या मुलगा येणार. टायरवाला येणार. मुलगा काही बोलणारसुद्धा नाही, नुसता समजूतदार चेहरा करेल. तो चेहरा त्यांना आत्ताच दिसत होता आणि तो सोसवणारा नव्हता. वन्सं शेजारी येऊन बसल्या. त्यांना सांत्वन करता येत नाही. त्यांनी वैतागून विचारलं, "राजाचा अंगरखा ढगळ झाला तेव्हा बसली होतीस का अशी रडत? काय केलंस तेव्हा?"

"उसवला आणि आत घेतला. लोखंड कुठून उसवू?"

"उसवता नाही आलं तर?"

"तर अस्तर लावते," काकू म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी वन्संकडे पाहिलं, वन्संनी त्यांच्याकडे. जिना चढायला दोघींना एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात दोघी वर होत्या.

शनिवार म्हणून पाइपवाला म्हातारा दुकान लवकर बंद करण्याच्या बेतात होता. काकूंनी त्याला सरळ सांगितलं: माप चुकलं, चूक माझी, क्लॅम्प परत करायचे नाहीत, पण जबडा आणि गर्डर ह्यांच्यामध्ये बसेल अशी लोखंडी पट्टी कापून द्या, अस्तराला. तो पुन्हा हसायला लागला होता. काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू गिळलं, पट्टी शिकंज्यात धरली आणि करवत काढली. ह्या वेळी काकूंनी माप सांगताना त्यात एका दोऱ्याचाही दाब धरला नाही, आणि पहिला तुकडा कापून झाल्यावर तो टेपने पुन्हा मापायला लावला.

रविवारी उजाडताच दोघी खाली होत्या. अस्तर घालून क्लॅम्प लावला, बोल्ट आवळला, आणि तो गर्डरला असा चावला की काकू त्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्या तरी हलला नाही. मग पुढचं काम सरळ होतं. क्लॅम्पखाली सळया, सळयांच्या खालच्या टोकांना आडवा अँगल, खालून नट, त्याच्याखाली आणखी एक नट, आणि अँगलांवर जाड फळ्या. फळ्यांची उंची माणसाच्या छातीएवढी. पाण्याने हवं तेवढं वर यावं. वन्संनी नट हातात देता देता सगळ्या जगाला नावं ठेवली, त्यात टायरवाल्याला सगळ्यात जास्त. शेवटचा नट आवळून काकू पाना खाली ठेवत होत्या तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलगा आला होता, मागे टायरवाला. पेट्या अजून जमिनीवरच होत्या. वरच्या फळ्या रिकाम्या.

टायरवाला गोल फिरून खोली बघू लागला. मुलगा फळ्यांकडे बघत उभा राहिला. त्याने एक सळई हलवून पाहिली, मग वर क्लॅम्पकडे पाहिलं, आणि मग नेमका तोच समजूतदार चेहरा केला. आई, तू फार मेहनत केलीस, तो म्हणाला. पण ह्याचा भरवसा काय? एवढाल्या पेट्या चढवायच्या आणि खाली तू बसून शिवणार. एखादा नट सुटला तर?

काकूंनी स्टूल ओढलं, त्याच्यावर चढल्या, फळीला हात टेकले आणि अंग वर उचललं. पहिल्यांदा जमलं नाही. मुलगा पुढे धावला तर वन्संनी हात आडवा घालून त्याला थांबवलं. दुसऱ्यांदा काकू वर गेल्या. वळून फळीवर नीट बसल्या, पाय खाली सोडले. सळया एकदा कुरकुरल्या आणि गप्प झाल्या. काकूंचं डोकं छताला टेकायला आलं होतं आणि केसांत जळमट लागलं होतं.

"खाली उतर," मुलगा म्हणाला.

काकूंनी आधी टायरवाल्याकडे पाहिलं. त्याच्याशी त्यांचं काहीच भांडण नव्हतं. ही खोली भाड्याने द्यायची नाही, उगाच तुमचा रविवार वाया गेला, असं त्या अगदी आदबीने म्हणाल्या. टायरवाला कधी फळीवरच्या बाईकडे बघे, कधी तिच्या मुलाकडे. मग, तुमच्यात ठरलं की कळवा असं पुटपुटत तो जिना चढून गेला. खिडकीतून त्याचे बूट घाईघाईने पुढे जाताना दिसले.

तो गेल्यावर मुलाचा समजूतदारपणा संपला. लहानपणी चिडायचा तसा तो चिडला. म्हणाला, मला भाड्याची पडलेली नाही. तुला काय वाटतं, मला तुझे वाघसिंह खुपतात? त्या दिवशी मी ह्या जिन्यावरून खाली बघितलं तेव्हा अंधार होता, पाणी होतं आणि तू हाकेला ओ देत नव्हतीस. डोक्यावर ते मानेचं बोचकं घेतलं होतंस म्हणून तुला ऐकू येत नव्हतं. मला ते काय माहीत? तेवढ्या वेळात मी काय काय बघितलं ते तुला माहीत नाही. वर्षभर फोन वाजला की आधी तुझ्या घरून तर नाही ना ते बघतो.

काकू ऐकत होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं, खाली उतरून त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. पण उतरल्या असत्या तर खोली गेली असती, आणि खोलीबरोबर त्या स्वतः गेल्या असत्या, हे त्यांना तेवढंच स्पष्ट दिसत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"भीती तुझी आहे," त्या म्हणाल्या. "ती तू सांभाळ. खोली माझी आहे. ती मी सांभाळते."

मुलगा खाली मान घालून उभा होता. मग त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि, कुठली देऊ, असं विचारलं, जरा चिडूनच.

काकूंनी बोट दाखवलं. त्याने कोपऱ्यातली लहान पेटी उचलली तशी काकू म्हणाल्या, "ती नव्हे. जड दे."

त्याने शिपायांची जड पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि वर दिली. काकूंनी ती बसल्या जागेवरून ओढून मागे सरकवली. फळी तसूभरही खाली आली नाही. त्याने दुसरी दिली, तिसरी दिली, घामाघूम झाला, मध्ये दोनदा उतर आता म्हणाला. शेवटची पेटी वर चढेपर्यंत काकू खाली उतरल्या नाहीत.